मनोजभाऊजींचं ओल मोजायचं मशीन

विजेवर चालणाऱ्या सिगारेटने धानातली ओल मोजता येत नाही. मी मोजून पाहिली आहे.

आधी माझ्याविषयी थोडं सांगते, म्हणजे पुढे दोष कोणाला द्यायचा याचा गोंधळ होणार नाही. मी तालुक्यातल्या एका हायस्कुलात प्रयोगशाळा सहायक आहे. परीक्षानळ्या, स्प्रिंग काटे, तारा, चिमटे, सगळ्यांच्या याद्या माझ्याकडे असतात. घरीही माझी एक वही आहे. तिच्यात तीन रकाने: वस्तू, बिघाड, दुरुस्तीचा दिवस. तिसरा रकाना रिकामा दिसला की मला जेवण गोड लागत नाही. (नवरा म्हणतो, माझं नाव अजून त्या वहीत आलं नाही म्हणून मी जपून राहतो.)

घरात आम्ही चौघं. मी, नवरा, मामाजी म्हणजे माझे सासरे, आणि धाकटे दीर मनोजभाऊजी. मुलगी नागपूरला शिकते, त्यामुळे ती या प्रकरणातून सुटली. मनोजभाऊजी कोहमाऱ्याला हायवेवर एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बसतात. वय छत्तीस, पण मामाजी समोर आले की बारा. गेल्या पोळ्याला मामाजींनी त्यांना बैलाच्या पाठीवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली होती. तंबाखू-सुपारीचा खर्रा बंद, बिडी बंद, धुराचं आणि तंबाखूचं जे काही असेल ते बंद. तेव्हापासून भाऊजी सुपारीसुद्धा लपून खात.

धानाचे दिवस होते. आमचं धान निघून अंगणात ताडपत्रीवर पडलं होतं. खरेदी केंद्रावर आमचा नंबर शुक्रवारी लागला होता. केंद्राचा नियम असा की ओलावा सतरा टक्क्यांच्या वर असला तर धान परत. धान परत म्हणजे नंबर गेला. मग पुन्हा नाव लिहा, पुन्हा वाट पाहा, आणि तेवढ्यात गोदाम भरलं की केंद्रच काही दिवस बंद. इकडे आभाळ रोज दुपारी येऊन पाहून जात होतं. शुक्रवार हुकला तर धानाच्या चुंगड्या, म्हणजे पोती, ठेवायला घरात जागा नव्हती. मागच्या पडवीवरचे पत्रे वाऱ्याने गेले होते. (वहीत नोंद आहे. तिसरा रकाना रिकामा.)

सोमवारी सकाळी कपडे धुवायला काढताना भाऊजींच्या पँटच्या खिशात एक वस्तू सापडली. बोटभर लांब, जाड्या पेनासारखी. एका टोकाला चपटी चोच, मधे बटण, बटणाखाली आकडे उमटायची इवलीशी काच. बटण दाबलं की काच एकदा लुकलुकायची आणि विझायची. मी ती घेऊन अंगणात आले. मामाजी ढिगात कोपरापर्यंत हात घालून बसले होते. भाऊजी चहा पीत होते.

"मनोजभाऊजी, हे काय होय?"

भाऊजींनी वस्तूकडे पाहिलं, मग मामाजींकडे, मग धानाच्या ढिगाकडे. तिथे त्यांची नजर थांबली.

"ते होय ना वयनी... धानाची ओल पाह्याचं मशीन."

मामाजींनी हात बाहेर काढला. "कोठून आनला गा?"

"एका डायवरनं देलन."

"चालते का?"

"नाई ना बाबा. बिघडलं हाये. फेकून द्याचं हाये."

इथे भाऊजींची चूक झाली. खोटं बोलले ते मी समजू शकते. पण 'बिघडलं आहे' हे वाक्य त्यांनी माझ्यासमोर बोलायला नको होतं. मी वही आणली. वस्तू: ओल मोजायचं यंत्र. बिघाड: काच विझते.

"वयनी, राहू द्या ना. कायले तरास घेता?"

"तरास कसला. पाच मिनिटांचं काम."

यंत्र मधोमध फिरवलं की उघडत होतं. खालच्या भागात बॅटरी, वरच्या भागात चोच, आणि दोघांची भेट होते तिथे पितळी आटे. आट्यांच्या मधोमध एक बारीक पिन. ही पिन वरच्या भागाला टेकली तर वीज वर जाते, नाही टेकली तर काही नाही. शाळेतल्या टॉर्चचं आणि या यंत्राचं दुखणं एकच होतं. कोणीतरी जोर लावून आवळल्यामुळे पिन खाली दबली होती आणि तिच्यावर तपकिरी चिकट थर बसला होता. मी वास घेतला.

"भाऊजी, याला आंब्याचा वास आहे."

"तेल होय ते. मशीनचं."

"आंब्याचं?"

"कंपनीचं," भाऊजी म्हणाले आणि उठून हात धुवायला गेले. हात स्वच्छच होते.

मी कापसाला स्पिरिट लावून थर पुसला. सुईच्या टोकाने पिन केसभर वर उचलली. ती बाजूच्या आट्यांना चिकटत नाही ना, तेही पाहिलं. (घाईघाईत माणसं एवढंच विसरतात.) दोन्ही भाग हलक्या हाताने आवळले. बटण दाबलं. काच पेटली आणि पेटलेली राहिली. मी तिसऱ्या रकान्यात 'सोमवार' लिहिलं.

आता मी प्रयोगशाळेतली बाई. तपासल्याशिवाय कोणतंही उपकरण वापरत नाही. एका वाटीत धान घेतलं, त्यावर पाणी ओतलं, निथळलं आणि चोच आत खुपसून बटण दाबलं. काचेवर आकडा आला: चौतीस. आणि वाटीतून पांढरी वाफ निघाली.

"ओल निघून रायली," मामाजी म्हणाले. त्यांना पुन्हा पाहायचं होतं म्हणून मी पुन्हा दाबलं. मग नवरा आला, त्यालाही दाखवलं. मग मामाजींना तिसऱ्यांदा पाहायचं होतं. एवढं झाल्यावर चोच अंगणातल्या ढिगात खुपसली. तेवीस.

ओलं धान चौतीस, वाळतं धान तेवीस. यापेक्षा स्वच्छ निकाल शाळेत मला कधी मिळाला नव्हता. तो आकडा बॅटरीचा आहे, दर वेळी बटण दाबलं की उतरतो, आणि जुनी बॅटरी तर धडाधड उतरते, हे मला ठाऊक नव्हतं. मी आधी ढीग आणि मग वाटी तपासली असती, तर ही आठवण लिहायची वेळच आली नसती. क्रम चुकला. एकवीस वर्षं मी पोरांना क्रम पाळायला सांगते आहे.

मंगळवारी आकडा वीस. बुधवारी सकाळी अठरा. धान वाळत होतं, आकडा उतरत होता, माझी नोंद चालू होती. भाऊजींनी दोनदा यंत्र परत मागितलं. मी म्हटलं, शुक्रवार होऊ द्या. ते दिवसभर नखं खात हिंडले. मग एकदम त्यांच्यात जबाबदारीची जाणीव जागी झाली.

"वयनी, तुमी शाळेत जाता. ओल मी पाहून ठेवतो."

ते मूठभर धान घेऊन गोठ्यामागे जायचे. तिथे बराच वेळ मोजमाप चालायचं. परत यायचे तेव्हा चेहरा एकदम शांत, आणि आकडा दोनने कमी. मी नवऱ्याला म्हटलंसुद्धा, भाऊजींच्या हाताला गुण आहे, त्यांनी मोजलं की धान लवकर वाळतं. नवरा म्हणाला, "मंग पूर्ण ढीगच गोठ्यामागं नेऊ का?" मी लक्ष दिलं नाही.

बुधवारी संध्याकाळी आकडा सोळा झाला.

मामाजींनी ढिगात हात घातला. "अजून दोन दिस ऊन पायजे, सूनबाई. आत थंड लागून रायलं."

"मामाजी, मशीन सोळा दाखवते."

"हात त नाई दाखवत."

"हाताला आकडा नसतो."

आम्ही चुंगड्या भरल्या, तोंडं सुतळीने शिवली, प्रत्येकीवर मी खडूने क्रमांक टाकला.

गुरुवारी दुपारी यंत्र बंद पडलं. पाहते तर भाऊजींनी ते आपल्या मोबाइलच्या शेजारी चार्जिंगला लावलेलं. मला बरं वाटलं. निदान वस्तूची काळजी घेतात. तासाभराने पारबताकाकू आल्या. शेजारच्या. त्यांचाही नंबर शुक्रवारचाच होता. पदरात मूठभर धान होतं.

"सुषमा, मशीन आनलं म्हने तुमी. माह्या धानाची ओल पाय ना वो."

मी यंत्र चार्जिंगवरून काढलं, चोच धानात खुपसली, बटण दाबलं. भरपूर वाफ निघाली. आकडा आला: चौऱ्याण्णव.

मी काच पुसून पुन्हा पाहिली. चौऱ्याण्णवच.

"काकू, तुमच्या धानात शंभरात चौऱ्याण्णव भाग पाणी आहे."

काकूंनी पदरातल्या धानाकडे पाहिलं. "मंग दाणे कुठी गेले वो?"

"तुमच्या परसात बोअर आहे ना. जमिनीतून ओल चढली असेल."

"चौऱ्याण्णव?" नवरा मधेच म्हणाला. तो सहसा मधे बोलत नाही.

"ते मशीन आहे," मी म्हटलं, "त्याला कोणाशी भांडण नाही."

"म्हंजे सहा भाग दाणा," काकू म्हणाल्या. "मंग केंद्रावर चुंगडीत नेऊ का पाण्याच्या गुंडात भरून नेऊ?" आणि पदर झटकून निघून गेल्या. फाटकाजवळून त्यांनी एवढंच विचारलं, "आन् आंब्याचा वास कायचा येऊन रायला तुमच्या घरात, या दिवसांत?"

माझं धान एकदा मोजून, शिवून, क्रमांक टाकून झालं होतं. ते उसवून पुन्हा मोजायचं माझ्या मनात आलं नाही. मनात आलं असतं तरी मी सुतळी उसवली नसती, हेही खरं आहे.

शुक्रवारी सकाळी ट्रॅक्टर केंद्रावर लागला. आमच्या पुढे पारबताकाकूंचा नंबर. धान तपासणारे ग्रेडरसाहेब गोंदियाचे, अर्धी हिंदी बोलणारे. त्यांचं मशीन एका डब्यासारखं होतं. मूठभर धान आत टाकायचं, झाकण आवळायचं, बाजूच्या वायरीने जोडलेल्या काचेवर आकडा यायचा. काकूंचं धान आत गेलं. मी त्यांच्यासाठी वाईट वाटून घ्यायची तयारी ठेवली.

"पंधरा. बढिया है. काट्यावर घ्या."

काकूंनी माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. त्याची गरजच नव्हती.

मग आमची चुंगडी. साहेबांनी टोचणीने मधलं धान काढलं, डब्यात टाकलं, झाकण आवळलं.

"साडे एकोणीस. नाही होणार. वापस घेऊन जा."

"साहेब, आमच्या मशीनवर सोळा आहे," मी म्हटलं. "वहीत नोंद आहे. सोमवारपासूनची."

"तुमच्याकडे मशीन आहे?"

"आहे. मी स्वतः दुरुस्त केलंय. आतली जोडणी सैल होती."

मागून भाऊजींचा आवाज आला, "वयनी, चला ना घरी." मी पर्समधून यंत्र काढलं. नवरा, मामाजी, दोन हमाल आणि काट्यावरून काकू, असे सगळे पाहत होते. मी चोच चुंगडीच्या तोंडात खुपसली आणि बटण चांगलं दाबून धरलं. जोडणी उत्तम झाली होती. चुंगडीतून वाफेचा लोट निघाला आणि केंद्राच्या अंगणात पिकल्या आंब्याचा वास सुटला.

साहेबांनी यंत्र माझ्या हातातून घेतलं. उलटंसुलटं केलं. चोचीतला धानाचा दाणा टिचकीने उडवला.

"ताई, ये तो सिगारेट है. चार्जिंगवाली. ये जो आकडा है ना, ये बॅटरी का है." आणि आवाज खाली आणून, "और बेचना भी बंद है इसका. पर्समधे घेऊन काऊन फिरता?"

एक हमाल चुंगडीवर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हलू लागला.

मामाजी हळूहळू भाऊजींकडे वळले. "मनोज."

"बाबा, खर्रा सोडासाठी घेतलो होतो."

"सुटला?"

"खर्रा सुटला."

"मंग आता हे सोडासाठी का घेशील?"

भाऊजी चुंगडीवरचा खडूचा क्रमांक वाचू लागले. माझ्याकडे बरेच प्रश्न होते. पैकी पहिला असा, की गोठ्यामागे दर वेळी ही चोच धानातून निघून कुठे जात होती. मी तो विचारला नाही. ग्रेडरसाहेबांसमोर घरच्या गोष्टी नकोत.

साहेब माणूस वाईट नव्हते. म्हणाले, "असं करा. इथेच वाळवा. आज ऊन आहे. माझा ट्रक पाच वाजता निघते. त्याच्या आधी सतराच्या आत आलं तर घेतो. नाही तर नंबर गेला, माझ्या हातात नाही."

मग आम्ही कामाला लागलो. केंद्राच्या मागच्या अंगणात ताडपत्री पसरली, चुंगड्या उसवल्या, धान पातळ ओतलं. वाळतं धान पायाने फिरवावं लागतं. ओळीने पाय घासत चालायचं, म्हणजे खालचा दाणा वर येतो. ते काम मामाजींनी मनोजभाऊजींना दिलं आणि स्वतः सावलीत बसले. भाऊजी थांबले की मामाजी नुसतं खाकरायचे. भाऊजी चालू लागायचे. मी दर अर्ध्या तासाने नमुना घेऊन साहेबांकडे जात होते. साडे एकोणीस. एकोणीस. साडे अठरा. साडेतीन वाजता आभाळाने येऊन ऊन झाकलं. नवऱ्याने वर पाहिलं आणि दुसऱ्या बाजूने धान फिरवायला लागला. मीही चपला काढल्या.

ऊन पुन्हा निघालं तेव्हा सव्वाचार झाले होते. साडेचारला मी शेवटचा नमुना घेऊन गेले. साहेबांनी धान टाकलं, झाकण आवळलं. काचेवर काहीच आलं नाही. त्यांनी डबा थोपटला. वायर हलवली. आकडा लुकलुकला आणि विझला.

"गया," साहेब म्हणाले. "सकाळपासून नखरे करत होतं." त्यांनी घड्याळ पाहिलं, ट्रककडे पाहिलं, आमच्या ताडपत्रीकडे पाहिलं. "जाऊ द्या ताई. दिवसभर वाळलं आहे. झालं असेल. भरा चुंगड्या, काट्यावर आणा."

नवऱ्याने लगेच चुंगडीचं तोंड उघडलं. भाऊजींनी घमेलं उचललं. मामाजी सावलीतून उठले. चार दिवसांत पहिल्यांदा आमच्या घरातली सगळी माणसं एका मताची होती.

आणि मी त्या वायरीकडे पाहत होते. काच लुकलुकते आणि विझते, म्हणजे मशीन मेलेलं नाही. जोडणी सैल आहे.

"साहेब, थांबा," मी म्हटलं. "पाच मिनिटांचं काम आहे."

"वयनी," भाऊजी म्हणाले, "राहू द्या ना."

"सुषमा," नवरा म्हणाला.

पण वायर माझ्या हातात आली होती. टोकाची पिन काळी पडली होती. पर्समध्ये खोडरबर होतं, ते घासून पिन चकचकीत केली. ती बसते त्या खाचेच्या दोन पात्या फाकल्या होत्या, त्या केसांच्या चापाने जवळ आणल्या. वायर खोचली. मीच झाकण आवळलं. काच पेटली आणि पेटलेली राहिली.

"वा," साहेब म्हणाले, आणि वाकून आकडा वाचला. मग माझ्याकडे पाहिलं. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं.

"साडे सतरा," ते म्हणाले. "मशीन बंद होतं तोवर ठीक होतं, ताई. आता आकडा दिसला म्हणजे लिहावाच लागेल."

त्यांनी लिहिला. पाच वाजता ट्रक गेला.

नवऱ्याने उघडलेल्या चुंगडीचं तोंड पुन्हा गुंडाळलं. मामाजी टेबलाजवळ आले, चालू असलेल्या मशीनवर वाकले आणि शांतपणे म्हणाले, "सूनबाई, त्याले पुन्हा बिघडवता येते का, पाय."

मी पाहिलं. साहेबांची पाठ होती तेवढ्यात वायर दोनदा ओढूनसुद्धा पाहिली. नाही आली. माझं काम पक्कं असतं.